ब्याऐंशी गुणांचं सुख

विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला चार खिडक्या होत्या, आणि चौथ्या खिडकीवर जायला मुलं फार कचरायची. तिथे खाडाखोडबाई बसायच्या. नाव अर्थात मुलांनीच ठेवलेलं. अर्जात एखादं अक्षर गिरवलेलं दिसलं, तारखेतला एक आकडा खोडून दुसरा केलेला दिसला, की बाई तो अर्ज काचेखालच्या फटीतून परत ढकलायच्या. खाडाखोड चालत नाही, नवीन भरून आण. मागे शंभर पोरं ताटकळत असोत, पुढचा मुलगा रडकुंडीला येवो, बाई ढिम्म हलायच्या नाहीत. आपल्याला काय म्हणतात हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता. एकतीस वर्षांत आपल्या खिडकीतून एकही घाणेरडा कागद आत गेला नाही, असं त्या येईल त्याला सांगत आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा सांगत.

म्हणून बाई दुष्ट होत्या असं कोणी समजू नये. दुष्ट माणसाची गोष्ट सांगायला सोपी असते, सांगून झाली की सगळे समाधानाने घरी जातात. बाई जीव ओतून काम करणाऱ्या होत्या. आजारपणात मुदत चुकलेल्या मुलांचे अर्ज त्या गुपचूप घ्यायच्या आणि आदल्या तारखेचा शिक्का मारायच्या. आपली पोरं अडता कामा नयेत, हे त्यांचं एकच तत्त्व. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अकरा हजार पोरं त्यांना आपली म्हणायला मोकळी होती.

दोन वर्षांपूर्वी वरून एक नवीन कागद आला. विद्यार्थ्यांच्या मनाचं स्वास्थ्य कसं आहे, त्यांना जगण्यात काही अर्थ वाटतो की नाही, हे विद्यापीठाने दरवर्षी मोजायचं ठरवलं होतं. मोजायचं म्हटल्यावर अर्ज आलाच. वीस वाक्यं. प्रत्येकापुढे एक ते पाच यातला एक आकडा. 'सकाळी उठताना आजच्या दिवसाला काही अर्थ आहे असं मला वाटतं.' 'माझं म्हणणं कोणीतरी ऐकून घेतं.' 'राहतो ते घर मला माझं वाटतं.' अशी ती वाक्यं, आणि सगळ्यात खाली 'आणखी काही सांगायचे असल्यास' अशी दोन ओळींची मोकळी जागा. बेरीज पन्नासच्या खाली गेली की अर्ज लाल फाइलमध्ये. मग त्या मुलाने समुपदेशक मॅडमना भेटायचं, त्यांची सही आणायची, आणि सही आली की मगच हॉल तिकीट. ज्याने कोणी हा नियम केला त्याचा हेतू चांगलाच असणार. हेतू चांगला असला की पुढचं कोणी बघत नाही.

समुपदेशक मॅडम एकच होत्या. कंत्राटावर आलेली, तिशीच्या आतली तरुणी, पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत बसायची. एका मुलाला पाऊण तास द्यायची. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मनातल्या मनात हिशेब मांडला. लाल फाइलमध्ये तीनशे पोरं जरी गेली तरी परीक्षा संपेपर्यंत सगळ्यांना हॉल तिकीट मिळत नव्हतं. म्हणजे गोंधळ, आरडाओरडा, पालकांचे फोन, आणि सगळं चौथ्या खिडकीवर.

बाईंनी जे केलं ते कोणत्याही मुरलेल्या कारकुनाने केलं असतं. त्यांनी नमुना अर्ज भरला. सुंदर, गोलसर आकड्यांत चौदा ठिकाणी चार, चार ठिकाणी पाच, आणि खरं वाटावं म्हणून दोन ठिकाणी तीन. बेरीज ब्याऐंशी. खालच्या मोकळ्या जागेत, कार्यालयात काही नसलं की लिहितात तो शब्द लिहिला, 'निरंक'. आणि तो कागद काचेवर बाहेरच्या बाजूने चिकटवला.

पोरांचा जीव भांड्यात पडला. अर्ज पटापट यायला लागले, एकही खाडाखोड नाही, रांग झरझर पुढे सरकायला लागली. त्या वर्षी विद्यापीठातली जवळजवळ सगळी अकरा हजार मुलं ब्याऐंशी गुणांनी सुखी निघाली. परीक्षा विभागाचे साहेब हरखले. एवढे सुखी विद्यार्थी आसपासच्या कुठल्याच विद्यापीठात नव्हते, तसं पत्रही वरून आलं, आणि ते चौकटीत बसवून बाईंच्या डोक्यावर टांगण्यात आलं.

एकट्या मॅडम खूश नव्हत्या. त्या एकदा खिडकीच्या आतल्या बाजूने आल्या आणि तो नमुना काढून टाका म्हणून बाईंच्या मागे लागल्या. सगळे ब्याऐंशी कसे येतील, ज्यांना बोलायचंय ती पोरं माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बाईंना मुळात तरुण माणसांचा उपदेश चालत नसे. पोरं सुखी आहेत तर तुमच्या का पोटात दुखतंय, असं त्या म्हणाल्या, आणि शेजारच्या तिसऱ्या खिडकीवरचा कारकून खो खो हसला.

वर्ष संपताना लाल फाइलमध्ये तीन अर्ज होते. तीन अर्जांसाठी पूर्ण वेळ माणूस कशाला, म्हणून मॅडमचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. खोलीला कुलूप लागलं, आत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गेले, दारावरची पाटी मात्र काढायची कोणाला सुचली नाही. जाताना मॅडमनी बाईंना एक चिठ्ठी दिली, तिच्यावर फोन नंबर होता. कोणी आलंच तर द्या, म्हणाल्या. बाईंनी चिठ्ठी खणात टाकली, 'रद्द'च्या शिक्क्याशेजारी. नियम होता तसाच राहिला. फक्त आता लाल फाइलवाल्याने शहरातल्या मोठ्या इस्पितळातून दाखला आणायचा होता, आणि त्याला किती दिवस लागतात हे कोणालाच माहीत नव्हतं.

बाईंची भाची त्यांच्याकडेच राहायची. धाकट्या बहिणीची एकुलती एक मुलगी. बहीण लांबच्या लहान गावात शिवणकाम करायची. मुलीला विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा ती ताईला एवढंच म्हणाली होती, की तुझ्या भरवशावर पाठवतेय. बाईंनी पोरीला स्वतःची खोली दिली, टेबल दिलं, दिवा दिला, रोजचा डबा दिला. त्यांच्या मते कशाची म्हणून कमी ठेवली नाही.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पोरगी हळूहळू विझत गेली. डबा अर्धा परत यायला लागला. मग भरलेलाच परत यायला लागला. सुट्टीच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत ती अंथरुणात असायची, आणि उठली तरी केस न विंचरता भिंतीकडे तोंड करून बसायची. बाई म्हणायच्या, थेरं आहेत, आमच्या वेळी नव्हती. एकदा भांडी विसळताना पोरीने मध्येच विचारलं होतं, की मावशी, हे सगळं कशासाठी करायचं असतं गं? बाई चटकन म्हणाल्या, परीक्षेसाठी. आणि स्वतःच्याच हजरजबाबीपणावर हसल्या. पोरगीही थोडं हसली, आणि उरलेली भांडी तिने नीट पुसून जागेवर ठेवली.

अर्जांच्या दिवसांत एका सकाळी बाईंनी काचेतून पाहिलं तर रांगेत भाची. पुढे पंचवीसेक मुलं, ती गुपचूप उभी. नंबर आला तेव्हा तिने परीक्षेचा अर्ज आणि ती वीस वाक्यांची प्रश्नावली फटीतून आत सरकवली. बाई वैतागल्या. घरी दिला असतास तर काय झालं असतं, दीड तास उभी कशाला राहिलीस? पोरगी म्हणाली, सगळे उभे राहतात, मीपण राहिले. बाईंना ते आवडलं. वशिला नको म्हणते पोरगी, माझ्यावर गेली, असं त्या जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्या खिडकीला सांगत होत्या.

दुपारी बेरजा करताना तो कागद हातात आला. चौदा ठिकाणी एक, सहा ठिकाणी दोन. सव्वीस.

बाईंना पहिल्यांदा काय वाटलं असेल? काळजी? नाही. त्यांना राग आला. 'राहतो ते घर मला माझं वाटतं' याच्यापुढे स्वच्छ एक होता. 'माझं म्हणणं कोणीतरी ऐकून घेतं', एक. दोन वर्षं हिच्यासाठी पहाटे उठून डबे करते, खोली देते, आणि ही सगळ्या कार्यालयाला सांगणार की मावशीचं घर आपलं वाटत नाही! काचेवर एवढा नमुना लावलाय, जगाला दिसतो, हिलाच दिसला नाही? रागाच्या मागोमाग भीती आली. लाल फाइल म्हणजे हॉल तिकीट अडलं, वर्ष गेलं, बहिणीला काय सांगायचं? आणि शेवटी ते तत्त्व आलंच. आपली पोरं अडता कामा नयेत.

त्यांनी खण उघडला, शिक्का काढला आणि कागदावर तिरका 'रद्द' मारला. एक कोरा अर्ज घेतला, नमुन्याप्रमाणे आकडे भरले, 'निरंक' लिहिलं आणि खाली भाचीची सही केली. सही हुबेहूब साधली. रद्द झालेले अर्ज फाडून टाकायचा नियम होता, पण बाईंना पाठकोरा कागद फाडवत नसे. त्या असले कागद घरी नेऊन फोनजवळ चिमट्याला लावून ठेवायच्या, याद्या करायला. तोही कागद त्या गठ्ठ्यात गेला.

नंतरचे तीन आठवडे पोरगी रोज संध्याकाळी विचारायची, मावशी, ऑफिसातून माझ्यासाठी काही आलं का गं? बाई म्हणायच्या, येईल, मी बसलेय ना तिथे, तू नुसता अभ्यास कर. पोरीला आपल्या हॉल तिकिटाची एवढी काळजी, या विचाराने बाईंना बरंसुद्धा वाटायचं. म्हणजे थेरं कमी झाली तर. बाविसाव्या दिवशी त्यांनी हॉल तिकीट स्वतः आणून पोरीच्या हातावर ठेवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं. यासोबत आणखी काही नव्हतं का, असं विचारलं. आणखी काय असणार, बाई म्हणाल्या, आणि गॅस लावायला आत गेल्या.

पहिल्या पेपरच्या दिवशी बाई सातलाच निघाल्या. पेपर दहाचा होता. डबा ओट्यावर ठेवलाय, पेन दोन ने, उशीर करू नकोस, एवढं सांगून गेल्या. बाराच्या सुमाराला झाडूवाले काका खिडकीच्या आतल्या बाजूला आले. "बाई, तुमची पोरगी वरच्या जिन्यात बसलीय. सकाळपासून. उठवलं तर उठत नाही."

बाईंच्या तोंडून निघालं ते हेच, की पेपर इतक्यात सुटला कसा.

पहिल्या मजल्याच्या जिन्यावर, कुलूपबंद दारासमोर पोरगी बसली होती. दारावर पाटी होती, विद्यार्थी समुपदेशन, वेळ दहा ते पाच. पोरीच्या एका हातात हॉल तिकीट होतं आणि दुसऱ्या हातात घडी केलेला एक कागद. बाई धापा टाकत म्हणाल्या, अगं पेपर? पोरीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. दाराकडे बघत, बसची वेळ विचारावी इतक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "मावशी, हे लोक कधी येतात?"

"कोण लोक?"

"बोलवतात ते. मी वाट बघत होते."

त्यानंतर ती बोलली नाही. बाई बोलल्या, काका बोलले, शेवटी स्ट्रेचर घेऊन आलेली दोन माणसं बोलली. पोरगी कुठे होती कोण जाणे.

इस्पितळात नर्सने तिच्या हातातल्या वस्तू बाईंकडे दिल्या. दोन पेनं, हॉल तिकीट आणि तो कागद. वर आलेल्या बाजूला बाईंचंच अक्षर होतं, फोनजवळच्या चिमट्यातली यादी. दूध. कपड्यांचा साबण. गॅसवाल्याला फोन. भाचीचं हॉल तिकीट, आणि त्यापुढे बरोबरची खूण. बाईंनी कागद उलटला. 'रद्द'च्या शिक्क्याखाली, मोकळ्या जागेत, बारीक आणि सरळ अक्षरात लिहिलं होतं:

'ही प्रश्नावली मी घरी मावशीकडे देऊ शकले असते. रांगेत उभी राहून देते आहे, म्हणजे ती कोणीतरी वाचेल. मला कोणाशी तरी बोलायचं आहे. कृपया बोलवा.'

बाईंनी तो मजकूर त्या दिवशी पहिल्यांदा वाचला. यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण खिडकीवर बसणारा माणूस अर्ज वाचत नसतो. तो रकाने बघतो, सही बघतो, खाडाखोड बघतो आणि बेरीज करतो. एकतीस वर्षं बाईंनी हेच केलं होतं आणि यालाच त्या काम म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खणातली चिठ्ठी काढून मॅडमना फोन लावला. मॅडम दुसऱ्या गावी होत्या. कुठल्या डॉक्टरांना दाखवायचं, काय सांगायचं, रागावायचं नाही, एकटं सोडायचं नाही, सगळं त्यांनी नीट सांगितलं. मग किती आले होते, असं विचारलं. सव्वीस, बाई म्हणाल्या. "नंबर मी याच्यासाठीच दिला होता, बाई," एवढं म्हणून मॅडमनी फोन ठेवला.

पोरगी अठरा दिवस इस्पितळात होती. डॉक्टर म्हणाले, आजार आहे, बरा होतो, पण वेळ लागेल, आणि आधी आणलं असतं तर एवढा लागला नसता. डॉक्टरांनी हे सगळ्यांनाच सांगितलं असतं. बाईंना वाटलं ते आपल्यालाच म्हणाले, आणि या वेळी त्यांना वाटलं ते बरोबर होतं. बहीण पहिल्या दिवशीच आली आणि मुलीच्या खाटेपाशी बसून राहिली. बाई रोज जात. त्या आत आल्या की पोरगी डोळे मिटून घ्यायची. मग त्या बाहेरच्या बाकावर बसू लागल्या.

त्याच आठवड्यात त्या कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. तो टेबलावर ठेवून म्हणाल्या, भाचीचे ब्याऐंशी खोटे आहेत, मी भरले, सही मी केली, आणि ही एकच नाही, सगळेच खोटे आहेत, तो नमुना माझा. साहेबांनी उठून दार लावलं. पाणी दिलं. तुम्ही दमलाय, दोन दिवस रजा घ्या, म्हणाले. "एका मुलीसाठी अकरा हजारांचा निकाल बिघडवायचा का, बाई? आणि हा अर्ज तर रद्दच आहे. शिक्का तुमचाच."

मग त्यांनी कपाटातून पुढच्या वर्षीच्या प्रश्नावलीचा छापून आलेला गठ्ठा काढला. प्रत्येक कागदाच्या मागच्या बाजूला नमुना छापलेला होता. बाईंचेच गोलसर आकडे, चौदा चार, चार पाच, दोन तीन, आणि खाली त्यांच्या अक्षरातलं 'निरंक'. काचेवरचा कागद फाटायचा, आता मुलांची सोय झाली, साहेब म्हणाले.

बाईंना शिक्षा झाली असती तर त्यांना ती पेलली असती. कागद आला असता, उत्तर दिलं असतं, काहीतरी कापलं गेलं असतं. पण चौकशी झाली नाही, बदली झाली नाही, साधी समजही कोणी दिली नाही. तिसरी खिडकी म्हणाली, मनाला लावून घेऊ नका, हल्लीची पोरंच नाजूक. बाईंनी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि डोक्यावरची चौकट स्वतः स्टुलावर चढून काढली. चार दिवसांनी शिपायाने ती पुन्हा लावली.

मुलीला घरी न्यायचं ठरलं त्या दुपारी बहीण एकटीच तिचं सामान न्यायला बाईंकडे आली. कपडे भरले, पुस्तकं भरली. टेबलावरचा दिवाही ने, असं बाई म्हणत होत्या, तो तिने घेतला नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, पोरीने काही लिहून ठेवलेलं असेल तर आणा, केव्हापासून असं होतंय ते कळेल, असं ती म्हणाली. बाईंनी कपाट उघडून तो कागद काढला. नाही दिला असता तरी चाललं असतं, कोणाला कळलं नसतं. पण त्यांनी दिला.

बहिणीने उभ्या उभ्या वाचला. शेवटच्या ओळींपाशी ती थांबली, पुन्हा वरून वाचलं. मग कागद उलटला आणि दूध, साबण, गॅसवाला हेही वाचलं.

"हे मागचं अक्षर तुझं ना, ताई?"

"हो."

"म्हणजे कागद तुझ्या हातात होता. वाचला नाहीस?"

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. "बेरीज केली होती," त्या म्हणाल्या.

बहीण रडेल, बोलेल, निदान हातातली पिशवी तरी आपटेल, असं बाईंना वाटत होतं. तिने कागदाची जुन्याच घडीवर घडी घातली, तो पर्समध्ये ठेवला आणि दोन्ही पिशव्या उचलल्या. ती दारापर्यंत गेली तेव्हा बाईंना राहवलं नाही. काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि जन्मभर जे बोलत आल्या तेच त्यांच्या तोंडी आलं.

"एवढं लिहिलंय, पण एक खाडाखोड नाही बघ त्यात."

बहीण पाठमोरीच थांबली.

"तू परत करू नयेस म्हणून," ती म्हणाली.